पहिल्या मोळीचा उतारा

साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होताना आधी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीची पूजा होते आणि पहिली मोळी गव्हाणीत पडते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला हा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे हे गाव साखरेच्या नकाशावर आले आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याची चिमणी तिथे हंगामभर पेटती असते. अशा गावात एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. पहिल्या पंधरवड्याच्या उताऱ्यावरून वर्षाचा हिशेब मांडायचा नसतो. तेव्हा ऊस पुरता पक्व झालेला नसतो, थंडी पडायची असते, कांड्यांत साखर भरायची असते. त्यामुळे शंभर किलो उसातून निघणारी साखर सुरुवातीला कमी भरते, जानेवारी-फेब्रुवारीत चढते आणि ऊन तापू लागले की पुन्हा उतरते. उसाच्या एफआरपीचे, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या किमान दराचे, गणितही पूर्ण हंगामाच्या सरासरी उताऱ्यावर बसवलेले आहे. १०.२५ टक्के हा पायाभूत उतारा धरायचा आणि त्यावरच्या प्रत्येक दशांशाला जादा दर द्यायचा, असा तो हिशेब. नोव्हेंबरचा एखादा दिवस त्या सरासरीत मोजला जातो, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर दर ठरत नाही.

उसाच्या बाबतीत इतके जाणणारे आपण खेळाकडे वळलो की ही समजूत विसरतो. स्पर्धेचा पहिला आठवडा संपत नाही तोच कुणाला विजेता ठरवतो, कुणाला मोडीत काढतो. कर्णधार बदला म्हणतो, नव्या पोराला उद्याचा महान खेळाडू करून टाकतो. हंगामाच्या सुरुवातीचा एक दिवस आपल्याला नेमके काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की सुरुवातीचे निकाल गुणतक्त्यात पूर्ण मोलाचे असतात, पण पारख करण्यासाठी ते फार अपुरे असतात. या दोन मोलांची गल्लत हीच आपली मूळ चूक आहे. ती समजून घ्यायला अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलइतका चांगला नमुना दुसरा नाही, कारण इतका लांब हंगाम क्वचितच कुठल्या खेळात असतो.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. सगळे संघ मैदानात उतरले त्या दिवशी १५ सामने होतात. या लीगमध्ये दहापैकी सहा सामने जिंकणारा संघ उत्तम मानला जातो. १६२ सामन्यांत हे प्रमाण ९७ विजयांच्या आसपास जाते आणि तेवढ्यावर संघ सहसा बाद फेरीत पोचतो. आता समजा, एखाद्या दिवसाच्या १५ सामन्यांपैकी प्रत्येकात वरचढ संघाला जिंकण्याची संधी अशीच दहात सहा आहे. तर त्या दिवशी सरासरी सहा सामन्यांत कमजोर संघ जिंकणार. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सहा ‘धक्कादायक’ निकाल छापून येणार आणि त्यातल्या एकातही वेगळे असे काही घडलेले नसणार. धक्का बसतो तो आपण प्रत्येक सामन्याकडून खऱ्याखोट्याचा निवाडा मागतो म्हणून.

एक दिवस सोडा, दहा दिवस घेतले तर? दहापैकी सहा जिंकण्याची खरी कुवत असलेला संघ पहिल्या दहा सामन्यांत चार किंवा त्याहून कमी सामने जिंकेल, ही शक्यता सहात एक आहे. याउलट, ३० संघ अगदी तंतोतंत समान ताकदीचे असते आणि प्रत्येक सामना नाणे उडवून ठरवला असता, तरी दहा सामन्यांनंतर साधारण पाच संघ सात किंवा अधिक विजय घेऊन वर बसलेले दिसले असते आणि तेवढेच संघ तीन किंवा कमी विजयांसह तळाशी. त्या वरच्या पाचांच्या जिद्दीवर लेख आले असते आणि खालच्या पाचांच्या प्रशिक्षकांना जाब विचारला गेला असता. नाण्याला जिद्द नसते, हे आपल्याला माहीत असते. पण तक्ता समोर आला की त्यात आपल्याला माणसांची गोष्ट दिसू लागते, आणि गोष्ट एकदा दिसली की ती खोटी असू शकते हे मनाला पटवणे अवघड जाते.

बेसबॉलमध्ये एक सामना इतका कमी का सांगतो, याला खेळाच्या घडणीतच कारण आहे. चेंडू टाकणारा पिचर हा संघाचा कणा, पण सुरुवातीचा पिचर एकदा खेळला की त्याच्या खांद्याला चार-पाच दिवसांची विश्रांती द्यावी लागते. म्हणून संघ पाच-सहा पिचरची पाळी लावतो आणि एकाच संघाला रोज वेगळा चेहरा मिळतो. सोमवारी दिसलेला संघ मंगळवारी तोच नसतो. शिवाय कडक मारलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो आणि बॅटच्या कडेला लागून मरगळलेला चेंडू दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. पहिल्यात फलंदाज बाद, दुसऱ्यात त्याच्या नावावर हिट. दहा प्रयत्नांत तीन हिट मिळवणारा फलंदाज चांगला समजला जातो, आणि एका दिवसात त्याच्या वाट्याला साधारण चार प्रयत्न येतात. हिशेब केला तर असा चांगला फलंदाज जवळजवळ दर चौथ्या दिवशी एकही हिट न मिळवता तंबूत परततो. पहिला दिवस नेमका तसा गेला, तर त्याची सरासरी शून्य दिसते. ती संख्या अचूक आहे, पण तिच्यावरून त्याची पारख होत नाही.

उलट बाजूचा दाखला ४ एप्रिल १९९४चा आहे. शिकागो कब्ज आणि न्यूयॉर्क मेट्स यांचा हंगामातला पहिला सामना. कब्जकडून पहिल्या क्रमांकावर उतरला टफी ऱ्होड्स आणि समोर चेंडू टाकत होता ड्वाइट गुडन, त्या काळातला नावाजलेला पिचर. ऱ्होड्सने त्याला एक होम रन मारला, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्याच दिवशी तीन होम रन. त्या रात्री त्याच्याविषयी जे बोलले गेले असेल त्याची कल्पना करता येते. पण कब्ज तो सामना ८-१२ असा हरले. त्या संपूर्ण वर्षात ऱ्होड्सचे होम रन झाले आठ आणि मेजर लीगच्या सगळ्या कारकिर्दीत मिळून तेरा. पहिल्या दिवसाच्या जोरावर त्याला महान ठरवणारे चुकले. त्याला पुढे निकामी ठरवणारेही चुकलेच, कारण हाच ऱ्होड्स जपानला गेला, तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये त्याने ४६४ होम रन मारले आणि २००१ साली एका हंगामात ५५ होम रन मारून सादाहारू ओह यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. एका माणसाविषयी घाईने दिलेले दोन निकाल, दोन्ही परस्परविरुद्ध आणि दोन्ही खोटे.

संघांचेही तसेच. १९८७ साली मिलवॉकी ब्रुअर्सने पहिले १३ सामने सलग जिंकले. मे महिन्यात तेच सलग १२ सामने हरले आणि वर्षअखेरीला ९१ विजयांवर आपल्या गटात तिसरे राहिले. १९९८ साली न्यूयॉर्क यांकीज पहिले तीनही सामने हरले आणि पुढे ११४ सामने जिंकून जगज्जेते झाले. २०१९ साली वॉशिंग्टन नॅशनल्सची पहिल्या ५० सामन्यांनंतरची अवस्था १९ विजय आणि ३१ पराभव अशी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी क्लबच्या इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. मे महिन्यात त्यांच्याविषयी निकाल दिला असता तर तो ५० सामन्यांच्या पुराव्यावर दिलेला असता, आणि तरीही फसला असता.

हे सगळे परक्या देशातल्या परक्या खेळाचे झाले असे कुणी म्हणू नये, म्हणून मुंबईकडे येऊ. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिलावहिला सामना झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे हरवले. चौदा गुणांचा फरक म्हणजे कबड्डीत सरळसरळ धूळ चारणे. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि जयपूरने मुंबाला ३५-२४ असे हरवून पहिले विजेतेपद नेले. लीगच्या पहिल्या दिवसाने जे सांगितले त्याच्या नेमके उलटे शेवटच्या दिवसाने सांगितले. मातीतला हा खेळ मॅटवर आला, दिव्यांच्या झगमगाटात आला, पण हंगामाचा न्याय बदलला नाही.

त्याहून बोलका पुरावा क्रिकेटचा आहे. मुंबई इंडियन्सने आयपीएलची विजेतेपदे मिळवली ती २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० या पाच वर्षी. या पाचही हंगामांत संघ आपला पहिला सामना हरला होता. २०१५ साली तर पहिले चारही सामने गेले. २०१७चा क्रम आणखी विलक्षण आहे. ६ एप्रिलला गहुंजेच्या मैदानावर पुण्याच्या रायझिंग सुपरजायंटने मुंबईला सात गडी राखून हरवले. पुढे साखळीतल्या दुसऱ्या सामन्यातही पुण्याने हरवले आणि पात्रता सामन्यातही हरवले. तीन सामने, तीनही पुण्याचे. मग २१ मे रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात मुंबईने १२९ धावा केल्या, पुण्याला १२८ वर रोखले आणि एका धावेने चषक उचलला. कोणता संघ अधिक चांगला होता, या प्रश्नाला त्या चार सामन्यांतून एकमुखी उत्तर मिळत नाही. एक धाव इकडची तिकडे झाली असती तर आपण सगळे उलटी गोष्ट तितक्याच ठामपणे सांगत बसलो असतो.

इथे एक सावधगिरी हवी. मुंबईच्या पाठीराख्यांत ‘पहिला सामना देवाला’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, जणू पहिला पराभव हा शुभशकुनच. हाही सुरुवातीच्या निकालाला नको तितके वजन देण्याचाच प्रकार आहे, फक्त दिशा उलटी. २०१३ ते २०२५ या १३ हंगामांत मुंबई दर वेळी पहिला सामना हरली. त्यातले पाच हंगाम विजेतेपदाचे, आठ नाहीत. जी गोष्ट जिंकलेल्या वर्षीही घडते आणि हरलेल्या वर्षीही घडते, तिच्यातून जिंकण्याहरण्याविषयी काहीच कळत नाही. शेतकरी याला साध्या शब्दांत म्हणेल की सगळ्याच वावरात सारखा पडलेला पाऊस कुणाचे पीक चांगले हे सांगत नाही.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की एप्रिलमधला विजय आणि सप्टेंबरमधला विजय यांचे गुण सारखेच. मग सुरुवातीचे सामने कमी महत्त्वाचे कसे? आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य करूनच मी दोन मोलांचा फरक केला आहे. गेलेला सामना परत येत नाही. १९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्स पहिले २१ सामने सलग हरले, आणि त्यानंतर त्यांचा हंगाम सावरण्याची वाटच उरली नाही. शेवटी ५४ विजय आणि १०७ पराभव. शिवाय हंगाम जितका आखूड तितका एकेक दिवस महाग. बेसबॉलच्या १६२ सामन्यांत एक सामना म्हणजे हंगामाचा एक टक्काही नव्हे. आयपीएलच्या १४ साखळी सामन्यांत तो सात टक्के होतो. २०१४ साली मुंबईने पहिले पाच सामने गमावले आणि त्याची किंमत २५ मेच्या रात्री वानखेडेवर चुकवावी लागली. बाद फेरी गाठायची तर राजस्थानने केलेल्या १८९ धावांचा पाठलाग १४.३ षटकांत पुरा करायला हवा होता. १४.३ षटके झाली तेव्हा धावसंख्या बरोबरीत अडकली होती. गणित पुन्हा मांडले गेले: पुढच्याच चेंडूवर चौकार किंवा षटकार गेला तर अजून जमते. जेम्स फॉकनरचा तो फुलटॉस मुंबईकर आदित्य तरेने थेट सीमापार टोलवला. सुरुवातीच्या पाच पराभवांनी संघाला एका चेंडूच्या टोकावर आणून उभे केले होते. तेव्हा सुरुवातीच्या पराभवाने नुकसान होत नाही, असे मी म्हणत नाही. नुकसान होतेच. पण पाच सामने हरलेला तो संघ बाद फेरीच्या लायकीचा नव्हता, हा निष्कर्ष मात्र त्या नुकसानीतून निघत नव्हता.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतील की अनुभवी डोळ्याला पहिल्या दिवशीही पुष्कळ दिसते, ते सगळे नाण्याच्या पदरात कसे टाकता? हे अगदी खरे आहे आणि माझ्या मुद्द्याला बळच देणारे आहे. जाणकार निकालाकडे न बघता निकालाच्या मागे बघतो. पिचरचा चेंडू गेल्या वर्षीइतकाच वेगात येतो आहे का, फलंदाज खोट्या चेंडूला बॅट लावायला धावतो आहे की सोडून देतो आहे, या गोष्टी प्रत्येक चेंडूला मोजता येतात. त्यांचा साठा लवकर होतो, म्हणून त्यांच्यातून खरे चित्रही लवकर उमटते. फलंदाजाची सरासरी स्थिरावायला महिने लागतात, पण तो किती वेळा चेंडू हुकून बाद होतो हे प्रमाण त्याच्या कितीतरी आधी स्थिरावते. कबड्डीत हरलेल्या संघाच्या चढाया नेमक्या कुठे अडल्या, पकडीत साखळी तुटत होती की एकट्यादुकट्याची घाई होत होती, हे पाहणारा माणूस गुणफलकापेक्षा अधिक जाणतो. कारखान्यातही तसेच आहे. नोव्हेंबरचा उतारा कमी आला म्हणून मुख्य केमिस्ट घाबरत नाही, पण चोथ्यात किती साखर राहून जाते आहे आणि गिरण किती तास बंद पडली हे तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून पाहतो. तो उतारा ऋतूच्या हातात आहे, चोथ्यातली साखर मात्र कारखान्याच्या हातात.

यातूनच एक बारकावा पुढे येतो आणि तो उसानेच शिकवलेला आहे. सुरुवातीचे आकडे दोन वेगळ्या कारणांनी फसवतात. एक कारण नशिबाचे: सामने थोडे, म्हणून चढउतार मोठे. दुसरे कारण ऋतूचे: सुरुवातीची परिस्थितीच पुढच्यासारखी नसते. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांत एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी असते. थंड हवा दाट असल्याने चेंडू दूर जात नाही, आणि पिचरच्या खांद्यावर एकदम भार पडू नये म्हणून त्यांना सुरुवातीला जपून वापरले जाते. नशिबाचा चढउतार कुणाच्याही बाजूने झुकू शकतो आणि सामने वाढले की आपोआप निवळतो. ऋतूचा कल मात्र सगळ्यांना एकाच दिशेने ढकलतो. तो कितीही थांबले तरी निवळत नाही, तो ओळखून वजा करावा लागतो. सुरुवातीच्या उताऱ्याची तुलना जानेवारीशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी करायची, ही कारखान्यातली रीत त्याच शहाणपणाची आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा, पण तोही उत्तराला पात्र आहे. एक दिवस इतके कमी सांगत असेल तर तो बघायचा तरी कशाला? मला उलट वाटते. पहिल्याच दिवशी खरी कुवत उघडी पडली असती तर उरलेले १६१ सामने केवळ उपचार ठरले असते. कमजोर संघ दहापैकी चार वेळा जिंकू शकतो, म्हणूनच त्याच्या गावची माणसे मैदानावर येतात, आणि त्या चारांतला एक विजय त्यांना आयुष्यभर पुरतो. दिवसाचा आनंद दिवसाला पुरेपूर द्यावा. तीन होम रन मारणाऱ्याला उभे राहून टाळ्या द्याव्यात. फक्त त्या टाळ्यांचे रूपांतर वर्षाच्या निकालपत्रात करू नये.

हा मुद्दा मैदानापुरता राहिला असता तर त्यावर प्रकरण खर्ची घालायचे कारण नव्हते. पण घटक चाचणीच्या पहिल्या गुणांवरून मुलाला हुशार किंवा ढ ठरवणारे घर, नव्या कामगाराला पहिल्या आठवड्यातल्या एका चुकीवरून पारखणारा मुकादम, मृगाच्या एका सरीवर वर्षाचे सुकाळ-दुष्काळ सांगणारा माणूस, या सगळ्यांची चूक तीच आहे. पुरावा थोडा असतो तेव्हा मत बनवू नये असे नाही. मत बनवावे, पण ते पेन्सिलीने लिहावे. श्रीपूरचा शेतकरी पहिली मोळी पडताना हात जोडतो, मनापासून जोडतो, पण उसाचा दर मात्र हंगामाच्या सरासरीने मागतो. पहिल्या दिवसाला मान कसा द्यायचा आणि निकाल कधी मागायचा, हे त्याला बरोबर कळलेले आहे.